दहा बाय दहाच्या खोलीसाठी स्टुडिओ मॉनिटर घेताना

"पखवाज वाजवायला कोणी आलंच नव्हतं का रे?" आमच्या भजनी मंडळाचे बुवा फोनवर विचारत होते. आठ दिवस खपून मी त्यांच्या दोन अभंगांचं मिक्स (सगळे ध्वनिमुद्रित आवाज एकमेकांशी जुळवणं) केलं होतं आणि बुवांनी ते गाडीत लावलं होतं. माझ्या खोलीत तोच पखवाज इतका घुमत होता की मी त्याचा खालचा आवाज छाटत गेलो, छाटत गेलो. पखवाज बिचारा ठीकच होता. घुमत होती ती खोली.

झालं होतं असं, की पहिली मोठी रक्कम हातात आली तेव्हा मी हौसेने स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे मिक्स तपासायला वापरतात त्या स्पीकरची, ८ इंची वूफरवाली (वूफर म्हणजे खालचे स्वर देणारा मोठा भाग) जोडी घेतली आणि डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, दोन कोपऱ्यांत एकेक, अशी ठेवून दिली. फ्रिज घेताना जसं "थोडा मोठाच बघ" म्हणतात, तसा हिशेब. वर्षभराने ती जोडी तोट्यात विकली. पुढे लिहिलंय ते घरातली एखादी खोली आणि १० ते ४० हजार रुपये एवढंच हाताशी असलेल्यांसाठी. क्रम मात्र पाळा. दुकान यात बरंच नंतर येतं.

पायरी १: खोली मोजा

मेजरिंग टेप घ्या आणि लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून काढा. मग ५६२ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. खोली १० फूट असेल तर उत्तर ५६, १२ फूट असेल तर ४७. ही त्या भिंतींमधली सर्वांत खालची घुमणारी कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर म्हणजे ११२५ फूट जातो; दोन समोरासमोरच्या भिंतींत अर्धी लाट नेमकी बसली की तो स्वर खोलीत अडकून घुमतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट आकड्यांनाही तेच होतं.

आता दहा बाय दहाची गंमत बघा. लांबीचा आकडा ५६, रुंदीचाही ५६, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीचा ५९. तिन्ही आकडे एकाच जागी जमले! पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो भरदार आवाज काढतात, त्याचं वजन बरंचसं याच टापूत आणि थोडं वर असतं. चौरस खोलीत ते दुपटीने ऐकू येणार, किंवा तुम्ही खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर गायबच होणार. घरात दोन खोल्यांपैकी निवडायची मुभा असेल तर आयताकृती घ्या, चौरस नको. मुभा नसेल (बहुतेकांना नसते) तर निदान स्पीकर छोटा घ्या.

पायरी २: पैशांचे वाटे करा

सगळे पैसे स्पीकरवर घालू नका. माझा ढोबळ हिशेब असा: हातात १० हजार किंवा त्याहून कमी असतील तर मॉनिटर आत्ता घेऊच नका. त्या पैशात ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स किंवा सोनी एमडीआर-७५०६ यांच्या दर्जाचा हेडफोन बघा. हेडफोनला खोली लागत नाही, शेजारी लागत नाहीत आणि रात्री अकरा वाजता काम करता येतं. गाताना तर तो लागणारच आहे, कारण माइक चालू असताना स्पीकर बंदच ठेवायचे असतात, नाहीतर त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

हेडफोन आधीच असेल तर मग स्पीकरचा विचार करा. साडेतीन-चार इंची वूफरची जोडी साधारण ८ ते १२ हजारांत मिळते, ५ इंची जोडी २५ ते ४० हजारांत. कोणतीही घेतलीत तरी तीन-चार हजार बाजूला ठेवा: दोन चांगल्या केबल, स्पीकरखाली ठेवायला जाड फोम किंवा स्टँड, आणि भिंतींना लावायचं सामान यासाठी. पहिल्या खरेदीत बहुतेकजण हे विसरतात आणि मग टेबलावर ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ३० हजारांचे स्पीकर उभे राहतात.

एक फसगत नेहमीची आहे. ५ इंची मॉनिटर बऱ्याचदा एकेक विकले जातात. वेबसाइटवर किंमत बघून "अरे, एवढ्यात बसतं की" म्हणून ऑर्डर टाकायची आणि खोक्यातून एकच स्पीकर निघायचा, हे माझ्या ओळखीत दोघांच्या बाबतीत झालंय. "प्रती नग" की "जोडी" ते नीट वाचा. उलट छोट्या जोड्यांमध्ये एकाच स्पीकरात दोघांचा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि दुसऱ्याला साधी वायर जाते, म्हणून त्या जोडीनेच मिळतात.

पायरी ३: माप आणि आकडे वाचा

मॉनिटर हा गाणं छान ऐकू यावं म्हणून बनवलेला नसतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा होम थिएटर खालचा आवाज फुगवून, वरचा चमकवून देतात. मॉनिटरने रेकॉर्डिंगमध्ये आहे तेवढंच द्यायचं. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर काढला, तोही घरात गाणी ऐकण्यासाठी. घरगुती गिऱ्हाइकाला तो फारसा रुचला नाही. पण जगभरच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रकांनी तो टेबलावर आणून ठेवला, कारण मधल्या पट्टीतल्या, म्हणजे ना फार खालच्या ना फार वरच्या आवाजातल्या, चुका तो लपवत नसे. त्याचा वरचा आवाज इतका टोचायचा की काहीजण ट्विटरवर (वरचे स्वर देणाऱ्या छोट्या भागावर) टिश्यू पेपर चिकटवत. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पण त्याच्या वूफरचा पांढरा पडदा यामाहाच्या आजच्या एचएस मालिकेत तुम्हाला दिसेल. नवा मॉनिटर घरी आणल्यावर पहिल्या दिवशी "हे काय, आवाज सपाट आहे" असं वाटलं तर घाबरू नका. सपाटपणाचेच पैसे दिलेत.

आता आकडे. पुरुष गायकाचा काळी एक या पट्टीत लावलेला तंबोरा घ्या. त्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ. ही रेघ डोक्यात ठेवून स्पीकरचा कागद वाचला की सगळं सोपं होतं. प्रीसोनसचा एरिस ई३.५ हा साडेतीन इंची स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत खाली जातो असं त्याचे निर्मातेच सांगतात. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्याच्या आवाक्याबाहेर. एडिफायरचा ४ इंची एमआर४ कागदावर ६० पर्यंत उतरतो. यामाहा एचएस५ ५४ पर्यंत, जेबीएलचा ३०५पी मार्क टू ४३ पर्यंत.

पण इथे थांबायचं नाही, त्या आकड्याशेजारचं बारीक अक्षर वाचायचं. एचएस५ चे ५४ हर्ट्झ हे "उणे १० डेसिबल"ला मोजलेले आहेत. १० डेसिबल घट म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा. तोच स्पीकर "उणे ३ डेसिबल"ला मोजला तर आकडा ७४ होतो. म्हणजे आपल्या खर्जाच्या जागी पोचेपर्यंत त्याचा हात सैल पडू लागलेला असतो. जेबीएलचा आकडा अधिक-उणे ३ डेसिबलच्या हिशेबाने ४९. दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचं मोजमाप एकाच पट्टीवर आहे ना, एवढं बघा. आणि ज्या कागदावर डेसिबलचा उल्लेखच नाही, तो आकडा जाहिरातीत धरा.

मग जेबीएलच घ्यावा का? खोली बारा-चौदा फुटांची असेल, भिंतींना काहीतरी लावणार असाल, तर खुशाल. पण दहा बाय दहाच्या मोकळ्या खोलीत खाली जास्त पोचणारा स्पीकर त्या ५६ हर्ट्झच्या गोंधळाला जास्त खतपाणी घालतो. म्हणून माझं मत असं: छोट्या खोलीला ५ इंच पुरे, आणि फक्त आवाज, हार्मोनियम, गिटार किंवा पॉडकास्ट करणार असाल तर चार इंचही चालतात. ८ इंची जोडी कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तरी नको. मी कोणाला विकली ते विचारू नका.

स्पीकरला एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. एचएस५ आणि ३०५पीला ते मागे आहे. केआरके रॉकिट ५ जी४ आणि काली एलपी-६ यांना पुढे. स्पीकर भिंतीला जवळजवळ टेकवूनच ठेवावा लागणार असेल तर पुढच्या पोर्टवाल्याशी जुळवून घेणं जरा सोपं जातं. एवढ्यावरून निर्णय फिरवण्याइतकं ते मोठं नाही. वॉटचंही तसंच. हातभर अंतरावर बसणाऱ्याला ५० वॉट भरपूर होतात.

ब्लूटूथ असेल तर असू दे, पण रेकॉर्डिंगच्या कामाला ते वापरू नका, आवाज मागाहून येतो.

पायरी ४: ऐकायला जा

शक्य असेल तर ऐकल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोजसारखी वाद्यांची जुनी दुकानं आहेत, पुण्यातही आहेत. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, तेव्हा कोणी शेजारी कीबोर्ड वाजवत नसतो. सोबत पेन ड्राइव्हवर चार गोष्टी न्या, एमपी३ नव्हे, वेव्ह फाइल: नुसता तंबोरा, तुमचा स्वतःचा बोललेला आवाज, तबला किंवा ढोलकी असलेलं एक गाणं, आणि कानात मुरलेलं एखादं नीट ध्वनिमुद्रित केलेलं गाणं.

तंबोऱ्यात स्वयंभू गंधार शोधा. जवारी (घोडीवर तारेला झणकार देणारी जुळणी) चांगली लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्या ६९ च्या पाचपट, ३४६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वरच्या सप्तकांत. ही स्पीकरची मधली पट्टी, आणि माणसाचा गळाही इथेच राहतो. ज्या स्पीकरवर गंधार सहज सुटा ऐकू येतो त्याची मधली पट्टी स्वच्छ आहे. साडेतीन इंची स्पीकरही या परीक्षेत पास होऊ शकतो, खर्जाचा मूळ स्वर न देता, कारण वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मिळाले की खालचा स्वर आपला कान स्वतःच भरून काढतो. आणि एखादा महागडा इथे नापासही होऊ शकतो.

मग स्वतःचा आवाज. "स" आणि "श" टोचतायत का? तबल्यात चाटीची (पुडीच्या कडेवरच्या बोलाची) टोकदार कड आणि डग्ग्याची मींड, दोन्ही वेगवेगळ्या कळतायत का? डग्ग्यावर तळहात घासत स्वर वर चढवताना मध्येच एखादा टप्पा मोठा आणि पुढचा लहान झाला, तर तो दोष खोलीचा असण्याची शक्यता जास्त, मग ते दुकान असलं तरी. डोकं फूटभर पुढे-मागे करून पुन्हा ऐका.

शेवटी सगळं बंद करून, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवून, ट्विटरजवळ कान न्या. थोडी "सूं" स्वस्त मॉनिटरमध्ये असतेच. तुम्ही बसाल तिथून, म्हणजे तीन-साडेतीन फुटांवरून ती ऐकू येत असेल तर दुसरा नग मागा. सेकंडहँड घेताना ट्विटरची टिकली चेपलेली नाही ना, वूफरभोवतीची रबरी कड कुठे उललेली नाही ना, आणि आवाजाचं बटण फिरवताना करकर होत नाही ना, हे तिन्ही बघा.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचायला सांगा. १००–२४० लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर अमेरिकेतल्या मावसभावाला सांगा, नको आणूस. आपल्या २३० व्होल्टला तो पहिल्याच दिवशी राम म्हणेल.

पायरी ५: जोडणी

कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून नको, ऑडिओ इंटरफेसमधून (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतून) जोडा. इंटरफेसच्या मागे बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली घरघर कापणारे, आउटपुट असतात, त्यात टीआरएस पिनेची केबल जाते. ओळखायची खूण सोपी: पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर टीआरएस, एकच असेल तर गिटारची साधी केबल. साधीही चालते, पण ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि मोबाइल या सगळ्यांची घरघर ती वाटेत गोळा करते.

एवढं करूनही "घूं" येत असेल तर अर्थिंग बघा. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण अर्थची वायर मागे कुठे जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या आणि इंटरफेस, कॉम्प्युटर, दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन तोडून घरघर घालवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका, त्यात शॉक लागायची भीती असते.

चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. लाइट गेले तर पहिला हात स्पीकरच्या बटणाकडे, कारण लाइट परत येताना इंटरफेस जो "धप्प" आवाज सोडतो तो वूफरला सोसवत नाही.

पायरी ६: मांडणी

इथे वेळ घाला, एक अख्खा रविवार घाला. खोली आयताकृती असेल तर स्पीकर रुंदीच्या, म्हणजे आखूड भिंतीशी ठेवा, तुमच्या पाठीमागे लांबी राहू दे. डावी-उजवी भिंत स्पीकरपासून सारख्या अंतरावर. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू साधारण तीन-साडेतीन फूट. ट्विटर कानाच्या उंचीवर. उभा बनवलेला स्पीकर आडवा करू नका.

तुमचे कान समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणून बघा. १२ फुटी खोलीत साडेचार फूट. ही सुरुवात आहे, नियम नव्हे. नक्की टाळायच्या जागा दोनच: बरोबर मध्य आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून.

स्पीकर भिंतीपासून किती दूर? "जितके दूर तितके चांगले" हे मोठ्या खोलीला लागू. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज एका विशिष्ट कंपनसंख्येला मूळ आवाजाला खातो. २८१ ला स्पीकरच्या तोंडापासून भिंतीच्या फुटांतल्या अंतराने भागलं की तो आकडा मिळतो. तीन फूट ठेवलंत तर ९४ हर्ट्झ, ऐन डग्ग्यात खड्डा. म्हणून छोट्या खोलीत भिंतीजवळच राहा, पोर्ट मागे असेल तर वीतभर जागा सोडून. भिंतीजवळ खालचा आवाज फुगतो, त्यासाठी मागे बटणं दिलेली असतात. एचएस५ वर ते "रूम कंट्रोल" नावाने आहे, ५०० हर्ट्झखालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवतं. माझ्याकडे ते उणे २ वर आहे. कोपऱ्यात मात्र कधीच नको.

मग बाजूच्या भिंती. खुर्चीत बसा आणि कोणाला तरी आरसा भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा. आरशात ट्विटर दिसला की तिथे खूण करा. त्याच जागेवरून आवाज उसळून तुमच्या कानात येतो. तिथे दोन इंच जाडीचे रॉकवूलचे कापडात बांधलेले पॅनेल लावलेत तर उत्तम. नसतील तर आजीची चार पदरी गोधडी, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे दोरीवर टाकून. मी दोन वर्षं गोधडीवर काढली. पातळ, कंगोरेवाला काळा फोम फक्त वरचा आवाज खातो आणि खोली मंद करून टाकतो. खालच्या घुमण्याला त्याचा ढिम्म फरक पडत नाही. अंड्यांचे ट्रे तर अंड्यांनाच ठेवा. आणि यातल्या कशानेही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज कमी होणार नाही, ते काम भिंतींच्या जाडीचं आहे.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटरवरून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एक सलग सूर सोडा. 'रूम ईक्यू विझार्ड' हा मोफत प्रोग्राम तो काढून देतो. माझ्याकडे नव्वदच्या आसपास काहीतरी झणझणायला लागलं. स्पीकर उलटसुलट केला, स्क्रू आवळले, वॉरंटीचा कागद शोधायला घेतला. कागद ज्या लोखंडी कपाटात होता त्याचं दार उघडलं आणि आवाज थांबला. दार आणि चौकटीच्या फटीत कापडी पट्टी चिकटवली. कपाटावरचे स्टीलचे डबे आईने स्वयंपाकघरात परत नेले, जरा नाराजीनेच.

पायरी ७: आवाज किती ठेवायचा आणि कान कसे बसवायचे

हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री हळू आवाजात केलेल्या मिक्समध्ये खालचा आवाज हमखास जास्त चढतो, सकाळी ऐकलं की कळतं. उपाय एकच, रोज एकाच पातळीवर काम करा. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या आणि खुर्चीत बसून ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे, एवढा. बटणाच्या त्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा आणि घरातल्या लहान मुलांना सांगून ठेवा.

पहिले पंधरा दिवस काहीच मिक्स करू नका. रोज तासभर फक्त ओळखीची गाणी ऐका. या खोलीत, या स्पीकरवर चांगला डग्गा कसा लागतो, हे कानात बसायला तेवढे दिवस जातात.

त्यानंतरचं पहिलं मिक्स तयार झालं की तीन ठिकाणी वाजवा: हेडफोन, कुणाची तरी गाडी, आणि मोबाइलचा स्पीकर. मोबाइलवर पखवाजाचा खालचा स्वर येणारच नाही, तो स्पीकरच नखाएवढा. तरी पखवाज "आहे" हे कळलं पाहिजे, थापेच्या टोकावरून आणि वरच्या स्वरांशांवरून. कळत नसेल तर खालचा आवाज आणखी चढवू नका. २०० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये थोडा हात फिरवा आणि पुन्हा मोबाइल लावा.